नकाराचं घर

उकंडराव हे नाव कुणी हौसेनं ठेवत नाही. मनकर्णाच्या पाठची तीन लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हा चौथ्याला आईनं सुपात घातलं आणि अमडापुरातल्या घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. टाकून दिलेल्या वस्तूवर मरणाची नजर पडत नाही, असा आपल्याकडच्या बायाबापड्यांचा समज. मग घरातल्याच कुणीतरी जाऊन लेकरू उचलून आणायचं आणि म्हणायचं, हे आम्हाला सापडलं. सात वर्षांची मनकर्णा गेली, शेणानं भरलेलं सूप दोन्ही हातांनी पोटाशी धरून आली आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "माय, मले भाऊ सापडला." त्या दिवसापासून तो उकंडा. पुढे वय झालं, डोक्यावर टोपी आली, तसा उकंडराव.

हा उकंडराव आता पन्नाशीला टेकला होता आणि थकला होता. आजारी नव्हता, नुसता थकला होता. संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आदल्या वर्षी तो जळगाव जामोदला मलेरिया खात्यात फवारणीला लागला, तेव्हापासून सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव त्याच्या पायांनी सोडलं नव्हतं. बरोबर रज्जाक. रज्जाकनं पंप मारायचा, उकंडरावनं नळी धरून भिंती भिजवायच्या. वर्षातून दोन फेऱ्या, घरागणिक. पिंपातली डी.डी.टी.ची पांढरी पावडर बादलीत ओतायची, पाणी घालायचं आणि ढवळायची. ढवळायला साहेबानं लाकडी दांडा दिला होता. तो पहिल्याच साली मोडला, मग हातानंच. नाकाला फडकं बांधा म्हणून सांगितलं होतं. वैशाखात बांधून बघा म्हणजे कळेल. त्याच हातानं दुपारी भाकर खायची.

आणि वर लोकांची बोलणी. "पावडरवाले आले बे, मांजरं कोंडा!" फवारणीनंतर मांजरं मरतात, ढेकूण मात्र दुप्पट होतात, ही तक्रार गावोगाव. कुणी चुलीपुढं आडवं व्हायचं, कुणी म्हणायचं कालच भिंत सारवली, पुढल्या खेपी या. उकंडराव कुणाशी भांडत नसे. भांडायलाही अंगात काही लागतं. तो भिंतीवर गेरूनं तारीख टाकायचा आणि पुढच्या दाराशी जायचा. ज्या घरानं फवारू दिलं नाही, त्याच्या नावापुढं वहीत एकच शब्द लिहायचा: नकार.

असं सगळ्यात पक्कं नकाराचं घर कुणाचं, तर त्याच्या सख्ख्या बहिणीचं! मनकर्णाबाई जळगावपासून तीन कोसांवरच्या गावात दिलेली. तिचे सासरे भगवानराव म्हणजे कडक माणूस. पहिल्याच फेरीला काठी आडवी धरून ते दारात उभे राहिले. "भिंतीले माये देव हायेत. देवाच्या तोंडावर औषध मारतं का बे?" देव्हारा भिंतीतल्या कोनाड्यात होता हे खरं. पुढे भगवानराव गेले, मागोमाग मनकर्णाचा नवराही गेला, पण सासऱ्याचा शब्द तिनं मोडला नाही. ऑफिसात हसायचे. "उकंडराव, बहिणीच्या घरी काळं कुत्रं विचारत नाही, आणि तुम्ही जगाला औषध पाजता!" उकंडराव म्हणायचा, "हाव साहेब." आणि वहीत लिहायचा, नकार.

आता गंमत ऐका. भिंतीला फवारा चालत नव्हता, पण धान्याच्या कणगीत पावडर चालत होती.

साठ सालची भाऊबीज. उकंडराव ओवाळून घ्यायला बहिणीकडे आला होता. मनकर्णानं ताट ठेवलं आणि रडगाणं लावलं की ज्वारीला सोंडे लागले. राख घातली, कडुनिंबाचा पाला घातला, तरी दाणे पोकळ. पीठ दळलं की कडू. "तुया त्या पावडरीनं डास मरतात म्हणतं, मंग सोंडे मरत नाईत का?" उकंडरावनं पुढच्या आठवड्यात पिंपाच्या बुडाशी चिकटलेली पावडर खरवडली, डालड्याच्या डब्यात भरली आणि आणून दिली. मनकर्णानं ती हातानं ज्वारीत कालवली. सोंडे गेले ते गेलेच. मग दरसाल रीतच पडली. भाऊबीजेला लुगड्याबरोबर एक डबा. एखाद्या साली लुगडं साधं यायचं, डबा मात्र भरलेला. मनकर्णा आल्यागेल्याला सांगायची, "मया भावाची ओवाळणी वर्सभर पुरते."

यात चोरी आहे असं उकंडरावला कधी वाटलं नाही. सगळेच खरवडत. रज्जाकच्या बायकोनं, नूरजहांनं, पोरांच्या डोक्यात उवांसाठी घातली होती. सरकार स्वतःच माणसाच्या निजायच्या खोलीत हे औषध मारतं, म्हणजे ते माणसाला बाधणारं कसं असेल? दहा वर्षं हात बुडवून तोच धडधाकट उभा होता की.

सत्तर साली मार्गशीर्षात पुण्याकडचे एक डॉक्टर आले. मोठ्या संशोधन संस्थेतले. काचेच्या नळ्यांची पेटी, सुया आणि लाकडाच्या भुशात पुरलेला बर्फ. मलेरियाचे साहेब म्हणाले, उकंडराव, तुम्हाला यांच्याबरोबर राहायचं. हे बोटाला टोचून काचेवर थेंब घेणारं रक्त नव्हे, दंडातून नळी भरून घ्यायचं रक्त होतं. एवढी वर्षं आपण जी पावडर मारतो, ती माणसाच्या अंगात किती साठते, हे बघायचं होतं. म्हणून एकदा घेऊन भागणार नव्हतं. तीच माणसं, तेच दिवस, दरसाल.

"एकीकडं फवारणारे तुम्ही लोक," डॉक्टर म्हणाले. "दुसरीकडं ज्यांच्या घरी दरसाल फवारणी होते ते. आणि तिसरीकडं मला अशी घरं हवीत जिथं हे औषध कधीच गेलेलं नाही. तुलनेला कोरी माणसं हवीत. अशी घरं आहेत?"

उकंडरावनं वही उघडली. नकाराची सात घरं निघाली. पहिलंच आक्काचं, म्हणजे मनकर्णाचं.

"इथं नक्की कधीच नाही ना?"

"कधीच नाई साहेब. देवाची आण."

आणि तो खोटं बोलत नव्हता हो! त्याच्या लेखी औषध म्हणजे पंप, नळी, भिंत. कणगीतली पावडर ही घरातली गोष्ट होती, राखेसारखी. कणगीबद्दल त्याला कुणी विचारलंच नाही, आणि आपण होऊन सांगावं असं त्याच्या मनात आलं नाही.

लोकांना शाळेच्या ओट्यावर उपाशीपोटी आणणं हे दुसरं हमालीचं काम. "रक्त नेता, अन् औषध काय देता?" "काहीच नाई." "मंग कायले देऊ?" उकंडराव बाही वर करून आधी स्वतः बसायचा. ते बघून चार माणसं यायची. मनकर्णा आली ती भावाकडे बघून आली. तिच्यामागं तिची सून शालूबाई आणि मुलगा गुलाबराव. सुई टोचताना मनकर्णानं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "तुयासाठी देऊन राह्यली बरं, उकंड्या."

पुढच्या मार्गशीर्षात डॉक्टर कागद घेऊन आले ते रागातच. कागदावर आकडे होते. जितका आकडा मोठा, तितकं औषध रक्तात. फवारणीवाल्यांचे आकडे मोठे होते, ते ठीकच. उकंडरावचा अडतीस. पण कोऱ्या घरातल्या मनकर्णाबाईचा एकावन्न!

"नळ्या बदलल्या तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "चिठ्ठ्या लावायचं काम तुमचं होतं. एवढं साधं काम, अहो!"

उकंडरावला वाटलं, बदलल्या असतील. चाळीस माणसं, चाळीस नळ्या, आदल्या दिवशी अकरा कोस चाल झालेली. त्यालाच त्याचा भरवसा वाटला नाही. या खेपेस त्यानं चिठ्ठ्या दोनदा वाचल्या, आक्काच्या नळीला तर स्वतः दोरा बांधला.

मग बहात्तर साल आलं. पाऊस नाही. मृगात नाही, हस्तात नाही. वावरं उघडी पडली. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली आणि रेशनवरच्या लाल मिलोच्या, परदेशी ज्वारीच्या, भाकरी खाऊन तोंडं वाकडी करू लागली. ज्याच्या कणगीत गेल्या सालची ज्वारी उरली होती, तो राजा. मनकर्णाकडे दोन पोती उरली होती. सोंडे लागले नव्हते म्हणूनच उरली होती.

त्या मार्गशीर्षात डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच उकंडरावला भय वाटलं. त्यांनी त्याला ओट्यावर जवळ बसवून घेतलं आणि कागद दाखवला. मनकर्णाबाई सत्तावन्न. शालूबाई चव्वेचाळीस. गुलाबराव फक्त बारा.

"दोरा मी पाहिला होता. नळी बदललेली नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या घरात कुठूनतरी हे जातंय. पण मुलगा एवढा कमी का?"

"तो खामगावले गिरणीत असते साहेब. तठीच जेवते. शनवारी येते फक्त."

"असं." डॉक्टर लिहू लागले. "सून अंगावर पाजतेय ना? तिचं दूधही थोडं नेतो. दुधातून उतरतं हे."

शालूबाईची चार महिन्यांची गीता ओट्याच्या कोपऱ्यात सुपात झोपली होती.

दुपारी उकंडराव बहिणीकडे जेवायला गेला. मनकर्णा दळणासाठी ज्वारी काढत होती. कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, टोपली भरली, हात बाहेर आला तो कोपरापर्यंत पांढरा. तिनं तो लुगड्याला पुसला आणि पीठ मळायला बसली. उकंडराव ताटावर होता. तोंडात घास होता. तठीच जेवते, हे आपण सकाळी काय बोललो, ते त्याला तेव्हा उमगलं. जो या घरात जेवत नाही त्याचा बारा, जी रोज जेवते तिचा सत्तावन्न. आणि डबा भरून आणणारा कोण? त्यानं ताट जरा पुढं सरकवलं.

"काऊन रे? मीठ नाई का?" मनकर्णानं विचारलं.

"हाय. बराबर हाय."

संध्याकाळी डॉक्टर नळ्या बर्फात ठेवत होते तेव्हा त्यानं आडून विचारलं. "साहेब, समजा, एखाद्यानं ज्वारीत पावडर कालवली तर?"

"ज्वारीत? खायच्या?" डॉक्टर हसले. "कोण मूर्ख कालवेल?"

"तसं नाई, समजा. माणूस मरते का?"

"लगेच नाही मरत. अंगातल्या चरबीत जाऊन बसतं. वर्षानुवर्षं निघत नाही. पुढं काय करतं ते अजून कुणालाच पक्कं ठाऊक नाही, म्हणून तर ही यातायात."

"काढायचं औषध?"

"नाही."

उकंडराव उठला. मूर्ख हा शब्द त्याला लागला नाही; तसले शब्द त्यानं जन्मभर ऐकले होते. औषध नाही, हे लागलं. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण सांगितलं तर सरकारी पावडर घरी नेली म्हणून नोकरी जाणार, तीही अशा साली. आणि सांगून आक्काच्या अंगातलं निघणार थोडंच होतं? असं त्यानं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्याला लाज वाटली. ज्या भावाची ओवाळणी वर्षभर पुरते म्हणून ती गावभर सांगत होती, त्यानं जाऊन काय सांगायचं?

पण कणगी तर रिकामी करायला हवी होती. अमडापूरच्या वावरातली त्याच्या वाट्याची दोन पोती ज्वारी त्याच्या खोलीत होती, गेल्या सालची, नुसत्या पाल्यातली. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एकट्याला किती लागतं? रज्जाकची बैलगाडी घेऊन तो आला आणि बहिणीला म्हणाला, "तुया ज्वारीत पावडर जास्त झाली व आक्का. लेकुरवाळी सून हाय. ही घे, ते मले दे. आन् आता पावडर नाई कालवायची. कधीच नाई."

मनकर्णानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "अन् तू ते काय करशीन?"

"सोसायटीत बदलून घेतो."

"अशा काळात कोन बदलून देते?"

"देतात ओयखीचे," उकंडराव म्हणाला आणि पोतं उचललं. कंबरेत कळ आली तरी तो थांबला नाही. कणगी त्यानं स्वतः आतून धुतली, शेणानं सारवली.

वेशीबाहेर आल्यावर गाडीत रज्जाक म्हणाला, "पावडर की वजह से है ना ये?" उकंडरावनं मान हलवली. रज्जाक आपल्या घरापाशी उतरला तो थेट आत गेला, आणि आतून नूरजहांचा आवाज आला की भरल्या डब्यातलं धान्य अंगणात काय काढता, डोकं फिरलं का!

आता त्या दोन पोत्यांचं करायचं काय? उकिरड्यावर टाकली तर खडी फोडणारी माणसं दाणा दाणा वेचून नेतील आणि खातील. दुष्काळात माणूस विचारत नाही. ढोरांना घातली तर दुधातून पुन्हा माणसातच. जाळावी? ज्या साली पोरं मिलोच्या भाकरीसाठी रडत होती, त्या साली ज्वारीला काडी लावायची त्याची छाती झाली नाही. मग त्यानं तेच केलं जे उकंडराव करील. ज्वारी धुतली. एकदा नाही, सात सात वेळा, विहिरीला पाणी नसताना. वाळवली. आणि स्वतः खायला लागला. माझ्या रक्तात तसंही आहेच, मनाशी म्हणायचा, त्यात शेरभर आणखी.

वर्षभर तो ते खात होता. साहेबाला विनवून त्यानं फवारणी सोडली आणि ऑफिसातलं काम मागून घेतलं. हात थकले, सांगितलं. ते खोटं नव्हतं.

त्र्याहत्तरच्या मार्गशीर्षात पुन्हा शाळेचा ओटा, पुन्हा उपाशी माणसं. आदल्या सालची भीती एकच होती, आक्काचा आकडा. या खेपेस डॉक्टर सहा महिने आधी एकदा येऊन रक्त घेऊन गेले होते, त्याचे कागद घेऊन आले. उकंडरावनं न विचारता आधी तिची ओळ शोधली. एकोणपन्नास. उतरला होता! थोडाच, पण उतरला होता. त्याच्या डोळ्यात पाणीच आलं.

"तुमची ओळ वाचा," डॉक्टर म्हणाले.

उकंडराव: त्र्याहत्तर.

"सहा महिने तुम्ही पंपाला हात लावलेला नाही. तुमचा उतरायला हवा, तो दुप्पट झालाय. आणि त्यांचा उतरलाय. काय केलंत तुम्ही दोघांनी?"

रक्तानं चुगली केली होती. आता लपवायला जागाच नव्हती. उकंडरावनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगितलं. डालड्याचा डबा, बारा भाऊबिजा, कणगी, गाडी, सात पाण्यांनी धुतलेली ज्वारी. "तुमी म्हटलं होतं ना साहेब, कोन मूर्ख कालवीन. तो मी."

डॉक्टर भडकले. तीन वर्षांचं काम मातीत घातलं म्हणाले, कोरं घर कोरं नव्हतं, देवाची आण घेतलीत म्हणाले. मग लेखणी उचलून म्हणाले, "ही दोन्ही नावं खोडावी लागतील."

"मायं खोडा. नोकरी घ्या, पाह्यजे तर पोलिसात द्या. तिचं नका खोडू साहेब." उकंडरावनं त्यांचा हात धरला, आयुष्यात पहिल्यांदाच कुणा साहेबाचा धरला असेल. "ते उतरून राह्यलं का चढून राह्यलं, मले कोन सांगीन मंग? दुसऱ्या पानावर लिहा. वेगयं लिहा. पन लिहा."

डॉक्टरांनी हात सोडवून घेतला नाही. त्यांनी कोरं पान काढलं, वर लिहिलं, धान्यातून. खाली मनकर्णाबाईचं नाव. मग विचारलं, "बाकीची सहा नकाराची घरं?" आणि त्याच दिवशी उकंडराव पुढं, डॉक्टर मागं, असे ते सहा घरांच्या कणग्या बघत फिरले. चार घरांत पांढरं निघालं. फवारणीवाल्यांनाही बहिणी होत्या, आत्या होत्या. उकंडराव प्रत्येक दारात उभा राहून स्वतःचंच सांगायचा, "म्या बी हेच केलं बापा. काढा ते." संध्याकाळी त्याच्यानं पाऊल उचलवत नव्हतं.

सहाव्या घरासमोर मनकर्णा उभी होती. सगळी घरं तिच्याच गावातली, जेमतेम तीन गल्ल्यांत; ओट्यावरचं बोलणं तिच्या कानावर तासाभरातच गेलं होतं. डॉक्टरांकडे तिनं बघितलंही नाही.

"तू खाल्लं ते?"

उकंडराव डॉक्टरांकडे बघू लागला.

"सोसायटीत बदलून घेतो म्हने! भैताडा, उकिरड्यावून तुले कायले उचललं होतं म्या? घान खाऊन मराले?" तिनं त्याला दंडाला धरून गदागदा हलवलं आणि मग त्याच दंडावर डोकं टेकून रडली. शेजारणी बघत होत्या, तिला त्याचं काही नव्हतं. रडून झाल्यावर ती डॉक्टरांकडे वळली. "याचं नाव बी लिहा. नाईतर मायं रक्त भेटनार नाई."

म्हणून त्या पानावर दुसरं नाव उकंडरावचं आलं.

नोकरी गेली नाही. साहेबांनी कागद वर पाठवला, वरून ताकीद आली, आणि उकंडरावची नेमणूक बुलढाण्याच्या गोदामावर झाली. पावडरीची पिंपं राखायला! तो दरसाल मार्गशीर्षात रजा टाकून एसटीनं यायचा, बाही वर करून बहिणीशेजारी ओट्यावर बसायचा. आकडे उतरत होते. एका साली चार, एका साली दोन. संथ चालीच्या बैलानं घाट चढावा तसं. डॉक्टर म्हणाले, तुम्हा दोघांच्या हयातीत पूर्ण नाही उतरायचं. मनकर्णा म्हणाली, "मंग येत जा दरसाल. याच्या निमतानं हा तरी येते."

सत्त्याहत्तर साली गीता पाच वर्षांची झाली, आणि डॉक्टर म्हणाले, या पोरीचंही बघू. उकंडराव दचकला, पण लगेच त्यानं स्वतःलाच दटावलं. कणगी रिकामी केली तेव्हा पोर चार महिन्यांची होती. त्या ज्वारीचा एक दाणा तिच्या तोंडात गेला नव्हता. तिला काय होतंय? गीतानं मामाआजोबानं केली तशी बाही वर केली आणि रडली नाही.

पुढल्या दिवाळीच्या आधी आकड्यांचा लिफाफा गोदामाच्या पत्त्यावर आला. उकंडरावनं पिंपावर बसून तो उघडला. गीताच्या नावापुढं नऊ लिहिलेलं होतं.

खाली डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या. हे आईच्या दुधातून आलेलं असावं. पुढं कमी होईल, काळजी करू नये. उकंडराव तो कागद दिवसभर खिशात घेऊन बसला. चाळीस वेळा त्याच्या मनात आलं की आक्काला सांगायचं नाही. तिला वाचता येत नाही. काही नाही आलं म्हणायचं, संपलं. एवढी तरी ओवाळणी तिला द्यावी.

भाऊबीजेला तो गेला. काखेत लुगडं आणि डोक्यावर कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचं गाठोडं, कणगीसाठी. अंगणात गीता खेळत होती, तिनं गाठोडं ओढून पाहिलं आणि पाला नाकाला लावून तोंड वाकडं केलं. आत पाट मांडला होता, ताटात निरांजन लावलेलं होतं. मनकर्णा दारातच उभी होती. केस आता पार पांढरे झाले होते. तिनं बस म्हटलं नाही. आधी विचारलं.

"पोट्टीचं काय आलं?"

उकंडरावनं गाठोडं खाली ठेवलं. खिशातल्या कागदावर हात गेला. काही नाही आलं, एवढेच शब्द म्हणायचे होते.

"आलं व आक्का," तो म्हणाला. "तिच्यात बी आलं. शालूच्या दुधातून."

मनकर्णानं अंगणात खेळणाऱ्या पोरीकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. तो टोपी हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभा होता, आत येऊ की नको अशा बेतात. मग तिनं पुढं होऊन त्याचा हात धरला आणि त्याला उंबऱ्यातून आत ओढलं.

"बस पाटावर," ती म्हणाली. "वात इझून राह्यली."